कार्टून कोणतं सरस?

जी गोष्ट डोळ्यांनी पाहायची, ती कानांना सांगायला मी आज बसलो आहे. आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘कार्टूनपट.’ ते जरा थांबले. म्हणाले, ‘आम्हाला वाटलं होतं, तुम्ही गझलेवर बोलाल.’ गझलेवर बोलणारे पुष्कळ आहेत. शिवाय २०२५ च्या मे महिन्यात या विषयावर आमच्या घरी जे भांडण झालं, ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

सिंदखेड राजाहून मेहकरकडं निघालं की वाटेत आमचं दुसरबीड लागतं. मे महिन्याची दुपार, वीज गेलेली, ओसरीवर सतरंजी टाकलेली. सुट्टीला आलेली सगळी मंडळी घामानं चिंब. माझ्या आपाची मुलगी पुण्याहून आली होती, ती संगणकातलं काम करते. पुतण्या कंपनीत आहे, तो एक दिवसाची रजा टाकून आलेला. शेजारचे निवृत्त गुरुजी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा नातू नेहमीप्रमाणे होतेच. आपाची सात वर्षांची नात मधे लोळत होती. मोबाइलची बॅटरी संपली म्हणून सगळे एकमेकांकडं पाहायला लागले आणि कुणीतरी विषय काढला, आजवरचा सर्वांत चांगला कार्टूनपट कोणता?

आमच्याकडं हलणाऱ्या चित्राला कार्टूनच म्हणतात. माणसालाही म्हणतात, पण तो वेगळा विषय.

गुरुजींनी लगेच न्यायाधीशपद घेतलं आणि नियम सांगितला, ‘एकच नाव घ्यायचं. अट एवढीच की घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहण्याजोगा पाहिजे.’ ही अट त्यांनी सहज घातली होती. ती पुढं किती जड जाणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुतण्यानं ‘द लायन किंग’ म्हटलं. १९९४ चा. बाप मेल्यावर पळून गेलेला सिंहाचा छावा परत येऊन राज्य घेतो, यापेक्षा घरगुती गोष्ट कोणती, असं त्याचं म्हणणं. भाचीनं जपानच्या हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’ काढला, १९८८ चा. दोन लहान बहिणी, आई दवाखान्यात, आणि शेजारच्या रानात राहणारा एक केसाळ, झोपाळू प्राणी. ‘मामू, त्यात खलनायकच नाही,’ ती म्हणाली. पुतण्या म्हणाला, ‘मग पाहायचं काय?’ नातीनं ‘छोटा भीम’ असं ओरडून सांगितलं, तेव्हा ती मालिका आहे, चित्रपट नाही, म्हणून तिला बाद करण्यात आलं. ती रुसली. तिच्याकडं आपण पुढं येऊ.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, ‘वाटाण्याचा वेल.’

सगळे हसले. पण मी थट्टा करत नव्हतो. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. डोळे अधू होता होता वाचलेले, खिसा रिकामा आणि पैसे घालणाऱ्याला पटवायचं की हलतं चित्र आपल्याला जमतं. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. फिल्म चालवली तेव्हा दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढला, सगळं काही क्षणांत. ती पाहून कर्ज मिळालं आणि पुढच्या वर्षी, १९१३ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’ आला. भारतीय सिनेमाचं बी कोणतं असं कुणी विचारलं, तर उत्तरासाठी रूपक शोधायची गरज नाही. ते वाटाण्याचंच होतं.

गुरुजी म्हणाले, ‘भाई, वेल खरा होता. हे कार्टून नव्हे.’

मुद्दा बरोबर होता. तेव्हा मी दुसरं पान टाकलं. १९१५ मध्ये फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली. त्यात नट नाहीत, नटी नाही. आगपेटीतल्या काड्या. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचं, काडी रेसभर सरकवायची, पुन्हा एक चित्र. पडद्यावर काड्या आपसूक उठून चालायला लागतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच असले प्रयोग केले होते, तेव्हा जगात पहिले फाळके असं मी म्हणणार नाही. पण आपल्या भूमीवर निर्जीव वस्तूला चालायला लावणारा माणूस त्र्यंबकेश्वरला जन्मलेला होता, एवढं खरं.

आणि त्यांच्या घरातही एक अट घालण्याजोगी गोष्ट होती. सरस्वतीबाई फाळके. दागिने गहाण पडले ते त्यांचे. कच्च्या फिल्मला कडेनं भोकं पाडायचं काम त्या करत, रसायनात फिल्म धुवायला त्या शिकल्या, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत आणि हे सगळं करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडंच. इतिहासाच्या पुस्तकात फाळक्यांना पान मिळालं. बाईंना बहुतेक पुस्तकांत ओळ मिळते.

‘ती आगकाड्यांची फिल्म कुठं पाहायला मिळेल?’ भाचीनं विचारलं. मी म्हणालो, आता नाही मिळत. मग पुतण्यानं निकाल दिला, ‘चाचा, जी पाहताच येत नाही, तिला नंबर कसा देणार?’ फाळके बाद झाले.

इथं ज्यांना हे काम कसं चालतं ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. म्हणजे एका मिनिटाला चौदाशे चाळीस. एकच चित्र दोनदा वापरलं तरी सातशेवीस चित्रं हातानं काढायची, आणि प्रत्येकात हात, पाय, शेपटी मागच्या चित्रापेक्षा केसभर पुढं. लहानपणी वहीच्या कोपऱ्यात माणूस काढून पानं भरभर सोडायचो आपण, तीच ही विद्या. फक्त वही लाख पानांची. पारदर्शक पत्र्यावर, म्हणजे सेलवर, आकृती रंगवायची आणि मागचं रान किंवा घर एकदाच रंगवून खाली ठेवायचं, या युक्तीनं मेहनत थोडी वाचली. वॉल्ट डिस्ने यांनी १९३७ मध्ये याच रीतीनं ‘स्नो व्हाइट’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आणला, तेव्हा एवढा वेळ कार्टून कोण पाहणार, अशी त्यांची थट्टा झाली होती. आपल्याकडं १९३४ मध्ये प्रभात कंपनीनं ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा छोटा पट काढला होता. पण प्रभातचं नाव ‘संत तुकाराम’मुळं राहिलं, कोल्हा मागं पडला.

मी पहिलं कार्टून कधी पाहिलं? साल १९७८ असावं. मी तिसरीत. सरकारच्या प्रचाराची गाडी गावात आली. दिवस मावळताना चौकात दोन बांबूंमध्ये पांढरा पडदा बांधला, भोंग्यावर गाणी लावली आणि सगळं गाव पोती, गोधड्या घेऊन जमलं. आधी बियाण्याची फिल्म झाली, मग लहान कुटुंबाची. त्यात मधेच एक चित्रातला माणूस आला. गोल डोकं, काठीसारखे हातपाय. त्याच्या घरात एकामागून एक मुलं निघतात आणि ताटातली भाकर लहान लहान होत जाते. गाव पोट धरून हसलं. आम्ही पाच भावंडं होतो. अब्बांनी आमच्याकडं एकदा पाहिलं आणि तेही हसले.

पुढच्या बाजूला जागा नव्हती म्हणून बायका पडद्याच्या मागं बसल्या होत्या. पांढऱ्या कापडावर चित्र मागूनही दिसतं, फक्त उलटं. उजवा हात डावा होतो आणि अक्षरं आरशातल्यासारखी. घरी आल्यावर आपा म्हणाली, ‘त्या माणसानं डाव्या हातानं भाकर खाल्ली.’ मी म्हणालो, ‘नाही, उजव्या.’ त्यावरून आमचं भांडण झालं. ती तेव्हा सातवीत होती आणि मी तिला खोटारडी म्हणालो. आमच्या घरातलं कार्टूनवरचं पहिलं भांडण ते. मोठेपणी कळलं की दोघंही खरं बोलत होतो.

पुढं सैलानीच्या यात्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू पाहिला. तिथंही बायकांसाठी कनात वेगळी. पण तिथं मारामारीचे सिनेमे असत.

ती सरकारी चित्रं काढणारी माणसं कोण, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून समजलं. मुंबईत १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं होतं. १९५६ च्या सुमारास तिथं कार्टूनचा विभाग उभा राहिला. शिकवायला अमेरिकेहून क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार आले. डिस्नेंच्या ‘बांबी’ या हरणाच्या पाडसाच्या चित्रपटावर त्यांनी काम केलेलं. इथं त्यांच्या हाताखाली मुलं तयार झाली आणि १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ ही फिल्म निघाली. पुन्हा हरीणच. पण हे हरीण जातककथेतलं. गाभण हरिणीच्या बदली स्वतःचा जीव द्यायला उभा राहणारा मृगांचा राजा. जातककथा तर आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या अजिंठ्याच्या भिंतींवर हजार-दीड हजार वर्षांपासून रंगवलेल्या आहेत. त्या हलत नाहीत एवढंच.

त्या विभागात रसायनशास्त्राचा अभ्यास सोडून आलेला एक तरुण होता. राम मोहन. हे नाव ध्यानात ठेवा. आणि १९६१ मध्ये पार्श्वभूमी रंगवायला लागलेला दुसरा एक तरुण, फाळणीत मुलतानहून आलेल्या कुटुंबातला, भीमसेन. राम मोहन यांच्याकडं पाहून तो चित्र हलवायला शिकला.

गुरुजींनी न्यायाधीशपद सोडून मत दिलं ते या भीमसेन यांच्या ‘एक अनेक और एकता’ला. १९७४ ची, सात-आठ मिनिटांची फिल्म. विजया मुळे यांनी ती करवून घेतली. दूरदर्शनवर ती इतक्यांदा लागली की चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही त्यातलं ताई आणि धाकट्या भावाचं चित्र डोळ्यांपुढं येईल. पाखरं सगळी मिळून जाळंच उचलून उडतात आणि उंदीर ते कुरतडतात. वसंत देसाईंचं संगीत आणि गाणारी लहानगी मुलगी म्हणजे आजच्या साधना सरगम. गुरुजी म्हणाले, ‘मी चौतीस वर्षं शिकवलं. एकवचन आणि अनेकवचन असं कुणाला शिकवता आलं नाही.’

पुतण्यानं हरकत घेतली की सात मिनिटांत पॉपकॉर्नसुद्धा संपत नाही. गुरुजी म्हणाले, ‘मग हळू खा.’

दुसरबीडला घरोघर टीव्ही नव्हते तेव्हाची ही मजा. १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण मालिका सुरू झाली तेव्हा एकेका घरात चाळीस चाळीस माणसं बसत. आणि १९९३ मध्ये मोगली आला. चड्डीतल्या त्या पोराचं शीर्षकगीत गुलजारांचं, आणि शेरखान बोलायचा तो आपल्या नाना पाटेकरांच्या आवाजात. वाघ मराठी वळणानं गुरगुरतो, याचा आम्हाला कोण अभिमान. मालिका मुळात जपानची, गोष्ट किपलिंग या इंग्रज लेखकाची आणि जंगल मात्र सिवनीचं, नागपूरच्या वरच्या अंगाचं. डिस्नेंचा ‘द जंगल बुक’ १९६७ चा, तो आम्ही पुढं सीडीवर पाहिला. त्यातला वाघ रुबाबदार आहे, पण आमच्या पिढीला तो नानापुढं फिका वाटला. कोणतं सरस हे ठरवताना कोणतं आधी पाहिलं, हे किती मोठं वजन टाकतं पाहा. पुतण्यानं लायन किंग आधी पाहिला. त्याचा काय दोष?

मग अल्लादीन निघाला. निघणारच. पुतण्या म्हणाला, ‘चाचा, तो तर आपला.’ मी म्हणालो, आपला कसा? गोष्टीत अल्लादीन चीन देशात राहतो. अरबीच्या जुन्या हस्तलिखितांत ही गोष्टच नाही. अठराव्या शतकात अंतोन गालां या फ्रेंच माणसानं हन्ना दियाब नावाच्या सीरियन गोष्टीवाल्याच्या तोंडून ती ऐकली आणि पुस्तकात घातली. डिस्नेंच्या १९९२ च्या ‘अल्लादीन’मध्ये सुरुवातीच्या गाण्यात त्या मुलखाबद्दल एक वेडीवाकडी ओळ होती. तिकडच्या अरब लोकांनी आवाज उठवल्यावर १९९३ मध्ये घरी पाहायच्या कॅसेटसाठी ती बदलली गेली. गाणं बाकी झकास आहे. मला राग येत नाही, पण वाळवंट दिसलं की तलवार दाखवायचीच, ही सवय मी ओळखतो.

मला त्या गोष्टीतलं वेगळंच आवडतं. अल्लादीन शिंप्याचा मुलगा आहे. मीही. अब्बांचं शिलाईचं दुकान होतं आणि माझ्या पहिल्या कविता मापाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर आहेत. म्हणून भाचीनं लॅपटॉपवर लोट्टे रायनिगर यांचा ‘प्रिन्स अहमद’ दाखवला तेव्हा मी जागचा हललो नाही. १९२६ चा, जर्मनीतला. म्हणजे ‘स्नो व्हाइट’च्या आधी अकरा वर्षं. आज पाहायला मिळणाऱ्या पूर्ण लांबीच्या कार्टूनपटांत सर्वांत जुना. त्या बाईनं कात्रीनं काळा कागद कापून माणसं केली, उडता घोडा केला, अल्लादीनही केला, खालून उजेड टाकला आणि एकेक सांधा सरकवत चित्रं घेतली. तीन वर्षं लागली. कात्री कापडात चालताना जो आवाज येतो तो मला त्या मुक्या चित्रपटात ऐकू येत होता. मी जवळजवळ माझं मत तिलाच देणार होतो.

पण गुरुजींचा नातू इतका वेळ दबा धरून बसला होता. तो म्हणाला, ‘रामायण.’

१९९२ चा, जपान आणि भारत दोघांचा, ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’. जानेवारी २०२५ मध्ये तो नव्यानं चित्रपटगृहांत लागला, तेव्हा हा पोरगा शहरात जाऊन पाहून आला होता. त्याला वाटलं, ही त्याची एकट्याची मिळकत. माझी भाची आणि पुतण्या एकदम म्हणाले, ‘आम्ही पाठ केलाय तो!’ खरं आहे. २००० नंतरच्या दहा वर्षांत कार्टूनच्या वाहिन्यांवर तो सणासुदीला लागायचा. हिंदीत रामाला अरुण गोविल यांचा आवाज आणि रावणाला अमरीश पुरींचा. केबल आमच्या गल्लीत आधी आपाच्या घरी आली होती. सगळी पोरं तिच्या घरी. एका परिचितानं मला एकदा विचारलं होतं, ‘तुमच्या घरात हे चालतं?’ मी म्हणालो, चालतं म्हणजे काय, कुंभकर्ण उठतो तेव्हा आवाज वाढवतात.

या चित्रपटाचा इतिहास मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. युगो साको हे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये अलाहाबादजवळच्या उत्खननावर माहितीपट करायला आले होते. रामकथेनं त्यांना धरलं. पण बातमीतून गैरसमज झाला आणि परक्या माणसानं आमचं रामायण कसं करावं, असं विश्व हिंदू परिषदेचं निषेधाचं पत्र जपानी वकिलातीत पोचलं. तो गैरसमज निवळला. पुढं आपल्या सरकारबरोबर मिळून चित्रपट काढायचं घाटत होतं, तेही जमलं नाही. विषय नाजूक, त्यात कार्टून. शेवटी काम मुख्यतः जपानमध्ये झालं आणि भारताच्या बाजूनं दिग्दर्शनात बसले राम मोहन. तेच, फिल्म्स डिव्हिजनमधले. संगीत वनराज भाटियांचं. सुमारे साडेचारशे कलावंत आणि सुमारे एक लाख हातानं काढलेली चित्रं, असं सांगतात. धोतराची निरी कशी पडते, बाई पदर कशी सावरते, हे जपानी चित्रकारांना इथून शिकवावं लागलं. चित्रपट दिल्लीच्या महोत्सवात दाखवला गेला तो १९९३ च्या जानेवारीत. त्याआधीचा डिसेंबर कसा गेला होता, हे माझ्या पिढीला सांगावं लागत नाही. त्या हवेत एवढ्या नितळ चित्रपटाला चित्रपटगृहं मिळाली नाहीत यात नवल नाही. तो पोरांना सापडला दहा वर्षांनी, टीव्हीवर, आणि त्यांनी तो कुणी, कुठं, का अडवला होता हे न विचारता आपला केला. २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ आला आणि चित्रपटगृहात चालला. तोवर आमची पोरं मोठी झाली होती.

गुरुजींचा नातू खूश झाला. तीन मतं एका बाजूला. निकाल लागल्यातच जमा होता. तेवढ्यात आतून आपा सरबताचे ग्लास घेऊन आली. गुरुजींनी रीतीप्रमाणं विचारलं, ‘ताई, तुमचं मत?’

आपा म्हणाली, ‘मी पूर्ण कुठं पाहिला? हनुमान समुद्रावरून उडतो तेवढं पाहिलं. लंका जळते ते कधीच नाही. तेव्हा भाकरी तव्यावर असायच्या.’

कुणी काही बोललं नाही. मग भाची म्हणाली, ‘अम्मी, तुझ्याच घरात वीस वेळा लागलाय तो.’ आपा म्हणाली, ‘म्हणून तर. वीस वेळा तुम्हाला भूकपण लागली.’

गुरुजींची अट सगळ्यांना एकदम आठवली. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहण्याजोगा.

इथं रुसलेली नात उठून बसली आणि म्हणाली, ‘दादीनं मीना पूर्ण पाहिली. माझ्या शाळेत.’

जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘मीना राजू मंच’ असतो, हे पालकांना माहीत असेल. ती मीना म्हणजे १९९०च्या दशकात युनिसेफनं काढलेल्या छोट्या कार्टूनपटांतली मुलगी. राजू तिचा भाऊ. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ, सगळीकडच्या घरांत चालेल असं नाव आणि असा पोशाख तिच्यासाठी शोधून काढला. मीना हिंदूंच्याही घरात असते, आमच्याही. आणि ती कागदावर उतरवणारे कोण? राम मोहन. ज्या हातानं अयोध्येच्या राजपुत्राचं काम केलं, त्याच हातानं त्याच सुमारास ही झोपडीतली पोरगी काढली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. आमच्या ओसरीवर त्यांचं नाव त्या दुपारी पहिल्यांदा निघालं.

तिच्या पहिल्यावहिल्या गोष्टीत मीनाला शाळेत जायचं असतं. घरचे म्हणतात, मुलीला काय करायचं शिकून? राजू जातो. मग मीना आपल्या मिठू पोपटाला शाळेत पाठवते. तो खिडकीत बसून आकडे ऐकतो आणि घरी येऊन तिला शिकवतो. मीना कोंबड्या मोजायला शिकते. एके दिवशी मोजताना एक कमी भरते, आणि चोर पकडला जातो. मग बाप तिला शाळेत घालतो.

नातीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. सून शेतात, म्हणून आपा गेली. टीव्हीसमोर खुर्चीवर, पदर सावरून, चूल नाही, तवा नाही, अशी ती पहिल्यांदा पडद्यापुढं बसली. वय पन्नाशीच्या पुढं. संध्याकाळी ती माझ्याकडं आली आणि दारातच म्हणाली, ‘मिठू तो तू था मेरा.’

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

आपा सातवी झाली आणि घरी बसली. पुढची शाळा लांब, पोर मोठी झालेली, अब्बांनी सांगितलं आणि विषय संपला. मी तेव्हा तिसरीत होतो. मी आठवीत जाईपर्यंत पाच वर्षं तिनं आठवीचं पुस्तक पाहिलं नाही. मग रोज संध्याकाळी मी दप्तर टाकलं की ती भाकरी थापता थापता विचारायची, आज काय शिकवलं? बीजगणित तिला चुलीपुढं आगकाड्या मांडून समजायचं. ‘क्ष’च्या जागी जळकी काडी. मला खेळायला जायची घाई. मी म्हणायचो, काही नाही शिकवलं, सर आले नव्हते. ती म्हणायची, बरं. महिन्यातून दहा वेळा सर येत नसत. वर्षभरात तिचं लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडं. मी पुढं बी.ए. झालो.

‘तू झूठ बोलता था, मालूम था मुझे,’ ती दारात म्हणाली होती, आणि चहा घेऊन गेली.

ओसरीवर मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, ‘माझं मत मीनाला.’ पुतण्यानं लगेच हरकत घेतली, ‘चाचा, तीपण मालिका. मग छोटा भीम का बाद?’ नात म्हणाली, ‘हो ना!’ गुरुजी पेचात पडले. त्यांनी आपाकडं पाहिलं. आपाला मीना, तोतोरो, लायन किंग यांत काही पडलेलं नव्हतं. ती म्हणाली, ‘ते आगकाड्यांचं काय म्हणत होतास मघाशी? आत ऐकू येत होतं.’ मी फाळक्यांची गोष्ट पुन्हा सांगितली. ‘आणि ती फिल्म जपली नाही कुणी?’ नाही म्हणालो. ‘त्यात काड्या काय करत होत्या?’ मला एवढंच सांगता आलं की चालत होत्या.

पाचच्या सुमारास वीज आली. गुरुजींनी निकाल राखून ठेवला, कोर्टासारखा. रात्री पुतण्यानं मोठ्या टीव्हीवर रामायण लावला. गुरुजी आणि त्यांचा नातू जेवून परत आले. अर्धा चित्रपट झाला असेल, हनुमान लंकेत पोचला, शेपटीला चिंध्या बांधायला लागले, आणि आत कुकरची शिट्टी झाली. आपा उठली. भाचीनं रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. शेपटी पेटायच्या आधीचा हनुमान पडद्यावर तसाच उभा राहिला. नात म्हणाली, ‘दादी, जल्दी.’ आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. आपा हात पुसत आली, खुर्ची पुढं ओढून बसली आणि म्हणाली, ‘हां, लावा.’